रुसायचं, पण दिवा लावायचा

मागच्या आठवड्यात मी तुम्हाला घराजवळच्या एका झाडाशी मैत्री करायला सांगितलं होतं. केलीत ना? त्याच्या गमती वहीत लिहून ठेवा, त्याविषयी पुन्हा कधीतरी बोलू. आज मात्र मला तुम्हाला एका रुसव्याची गोष्ट सांगायची आहे. रुसवा मैत्रिणीवरचा नाही, भावावरचाही नाही. थेट देवावरचा!

एके दिवशी सकाळी शाळेची प्रार्थना नुकतीच संपली होती. मुलं रांगेने वर्गात निघाली होती. तेवढ्यात फाटकाशी एक आई उभी दिसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी जवळ गेले तशी हळूच म्हणाली, "बाई, जरा घरी येता का? पोरीनं गणपतीला भिंतीकडं तोंड करून ठेवलंय."

हसू नका हं! खरं सांगते, मलाही क्षणभर हसू आलं होतं. पण त्या आईचा घाबरलेला चेहरा पाहिला आणि हसू जिथल्या तिथे विरलं.

ही मुलगी माझ्या पाचवीच्या वर्गातली. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. आपण तिला चिमी म्हणू या. गेले चार दिवस चिमी शाळेत आली नव्हती. का आली नव्हती, ते मला ठाऊक होतं. नवोदयचा निकाल लागला होता.

नवोदय म्हणजे जवाहर नवोदय विद्यालय. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ साली सुरू झाली आणि त्यातलं एक आपल्या अमरावतीचं, बरं का! तिथे सहावीपासून बारावीपर्यंत राहून शिकायचं. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं यांचा भार घरावर पडत नाही. सहावीसाठी एका विद्यालयात ८० जागा असतात आणि त्यासाठी जिल्ह्यातली हजारो मुलं परीक्षेला बसतात. दोन तासांत ८० प्रश्न, गुण १००. ही परीक्षा पाचवीत असताना द्यायची, आणि सहावीच्या प्रवेशासाठी ती एकदाच देता येते. पुढच्या वर्षी पुन्हा बसू म्हटलं तर ते चालत नाही.

चिमीचे वडील ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. कारखाना सुरू झाला की ते रात्ररात्र घराबाहेर. आपली मुलगी नवोदयला जाणार हे त्यांनी किती जणांना सांगितलं होतं, कोण जाणे! चिमीने अभ्यासही तसाच केला. पहाटे पाचला उठायची. वीज गेली तर मोबाइलच्या उजेडात आकृत्या सोडवायची. आणि रोज आंघोळ झाली की गणपतीच्या तसबिरीला जास्वंदीचं फूल. शिवाय एक गुपित होतं, ते मला नंतर कळलं. निकाल लागेपर्यंत पेढा खायचा नाही आणि नंबर लागला की देवाला एक किलो पेढे, असं तिने गणपतीला कबूल केलं होतं. चिमीला पेढा किती आवडतो हे ज्याला माहीत आहे, त्यालाच या कबुलीची किंमत कळेल.

त्या परीक्षेला आमच्या शाळेतून चौघं बसली होती. चौघांत एकाचंही नाव आलं नाही.

मी चिमीच्या घरी गेले. पत्र्याचं घर, कोपऱ्यात फळीवर देवघर. फळीवर तसबीर होती, पण उलटी. तिच्या पाठीचा तपकिरी पुठ्ठा, त्यावर फ्रेमवाल्या दुकानाचा पुसट शिक्का आणि एक जुनं कोळ्याचं जाळं, एवढंच दिसत होतं. चिमी उंबऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"आवो, देवाचा कोप हुईल," आई कुजबुजली. "किती सांगितलं, हात लावू देत न्हाई."

मी चिमीशेजारी बसले. तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि आपण मोठी माणसं अशा वेळी जे म्हणतो तेच म्हणून गेले, "चिमे, देव जे करतो ते चांगल्यासाठीच करतो गं."

चिमीने डोकं वर केलं. डोळे लाल झालेले. म्हणाली, "मग बाई, ज्या ऐंशी जणांचा नंबर लागला, त्यांचं काय वाईट करायचं होतं का देवाला?"

सांगा बरं, यावर काय उत्तर द्यायचं? मी गप्प बसले. आईने केलेला चहा प्यायले आणि परत निघाले. चहा कसा होता तेही आठवत नाही. वर्षानुवर्षं मी ते वाक्य किती मुलांना ऐकवलं होतं! पाचवीतल्या मुलीने एका प्रश्नात त्याची हवाच काढून घेतली.

शाळेकडे चालता चालता मला माझी आजी आठवली.

आमचं गाव नातेपुत्याजवळचं. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी तिकडूनच पंढरपूरला जाते. आजी दरवर्षी गावापासून पालखीबरोबर चालायची. २००१ साली मी खूप हट्ट केला तेव्हा तिने मला बरोबर नेलं. माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत आम्ही पंढरपुरात पोचलो. माझ्या पायाला फोड आले होते. पण आता विठोबा दिसणार या आनंदात फोडांचं काही वाटत नव्हतं.

आणि दिसली ती रांग! गोपाळपूरच्या वाटेपर्यंत गेलेली, सरकता सरकत नसलेली. आजीचे गुडघे तेव्हाही दुखतच असायचे. तेवढा वेळ उभं राहणं तिला जमणार नव्हतं. मग आजी मला घेऊन महाद्वारी गेली. नामदेव पायरीवर तिने डोकं टेकवलं, समोर चोखोबांची समाधी आहे तिथे हात जोडले, मान वर करून मंदिराच्या कळसाला नमस्कार केला आणि म्हणाली, "चल, झालं दर्शन."

मी भोकाडच पसरलं. "एवढं चाललो आणि विठोबा तर दिसलाच नाही!"

आजी तिथेच कडेला बसली. मला जवळ ओढून म्हणाली, "वाटंनं गर्दीत तू माझा पदर धरून चालत हुतीस. माझं तोंड दिसत हुतं का तुला?"

"नाही," मी मुसमुसत म्हटलं.

"मंग कशी आलीस चालत?"

"पदर हातात होता ना."

"मंग झालं की!" आजी म्हणाली आणि तिने माझ्यासाठी चुरमुरे घेतले.

तेव्हा मला चुरमुऱ्यांचंच जास्त समाधान वाटलं होतं. पदराचा अर्थ कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

बालमित्रांनो, तुम्हाला वाटत असेल, या बाई काय, शिक्षिका आहेत, यांना कसली निराशा ठाऊक असणार! म्हणून माझीही गोष्ट सांगते. मी बारावीनंतर डी.एड. केलं आणि २०१२ साली पदविका हातात आली. त्या काळी डी.एड. झालं की शाळेत नोकरी, हे आमच्या गावात सगळे धरूनच चालायचे. आईने तर शाळेत नेसायला दोन साड्याही घेऊन ठेवल्या होत्या. पण शिक्षकांची भरतीच होईना. २०१३ साली शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली, पुढे मी ती उत्तीर्ण झाले. तरी भरती नाही. दरवर्षी वाटायचं, यंदा होईल. दरवर्षी मी देवासमोर हात जोडायचे आणि दरवर्षी त्या साड्या घडीतच राहायच्या.

दिवसा मी तालुक्याला एका कापड दुकानात कामाला जायचे. संध्याकाळी घरी आले की ओसरीवर गल्लीतली सात-आठ मुलं शिकायला बसायची. फी म्हणाल तर कुणी देई, कुणी देत नसे. कुणी भाजी आणून द्यायचं.

२०१६ साली एक दिवस मी फार चिडले. आजीला म्हटलं, "आजपासून मी देवाला काहीही मागणार नाही. आणि ही शिकवणीही बंद. शिक्षिका व्हायचंच नसेल तर कशाला शिकवायचं?"

वाटलं, आजी रागावेल. देवाला असं बोलू नये म्हणेल. आजी शेंगा फोडत होती. मान वरही न करता म्हणाली, "नगं मागूस. पर पोरांची शिकवणी बंद करू नगंस. त्यांनी तुझं काय केलंय?"

झालं! संध्याकाळी पोरं आली आणि मी फळा पुसायला घेतला.

पुढे २०१७ च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये मी जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. डी.एड. झाल्यापासून सात वर्षांनी! आईने घेतलेल्या साड्यांपैकी एक घडीवर विरली होती, दुसरी नेसून गेले.

आता इथे थोडं सावध वाचा हं. "बघा, बाईंनी देवावर भरवसा ठेवला म्हणून शेवटी नोकरी मिळाली," असं तुम्ही म्हणाल, तर मी म्हणेन, थांबा. माझ्याबरोबर डी.एड. झालेल्या कितीतरी मैत्रिणींना शाळा मिळालीच नाही. एक पिठाची गिरणी चालवते, एक शिवणकाम करते. त्या माझ्याइतक्याच हुशार होत्या आणि त्यांनीही माझ्याइतकेच हात जोडले होते. तेव्हा मिळालं म्हणजे देव पावला आणि नाही मिळालं म्हणजे भक्ती कमी पडली, हा हिशेब काही खरा नाही. ती सात वर्षं चांगल्यासाठीच होती असंही मी म्हणणार नाही. कठीणच होती. पण ओसरीवरच्या पोरांमुळे ती वाया गेली नाहीत. अडखळत वाचणाऱ्या मुलाजवळ कसं बसायचं, हे मी तिथे शिकले, आणि आजही वर्गात तेच वापरते.

आजीच्या मनात काय होतं, ते मात्र मला नीट कळलं २०२० साली. ते वर्ष तुमच्यातल्या थोड्या मोठ्या मुलांना आठवत असेल. करोनाची साथ होती. पायी वारी झालीच नाही. आषाढी एकादशी होती १ जुलैला. आदल्या दिवशी संतांच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटी बसमधून पंढरपूरला नेल्या. आम्ही ते टीव्हीवर पाहत होतो. आजीने एवढ्या वर्षांत एक वारी चुकवली नव्हती. ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "माउली गाडीत बसून गेली, अन् मी घरात."

आणि मग आजी रुसली. खरंच रुसली! रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणणारी आजी तीन दिवस गप्प. विठ्ठलाच्या मूर्तीकडे बघायचीही नाही. पण दिवेलागण झाली की उठायची, समई पुसायची, तेल घालायची, वात सारखी करायची, दिवा लावायची आणि पुन्हा पाठ फिरवून बसायची.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आजी, तू रुसली आहेस ना त्याच्यावर? मग दिवा कशाला लावतेस?"

आजी माझ्याकडे असं बघू लागली, जणू मी काही वेड्यासारखंच विचारलं. म्हणाली, "रुसले म्हून काय अंधारात ठेवू व्हय त्याला?"

मुलांनो, देवावरच्या विश्वासाबद्दल मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, पण मला ती गोष्ट समजली ती या एका वाक्यातून. आजीला दुःख झालं होतं. ते तिने लपवलं नाही. उगीच हसून "त्याची इच्छा" असंही म्हटलं नाही. ती रागावली, पण नातं तोडलं नाही. तुम्ही नाही का आईवर रुसता आणि तरी जेवायला तिच्याच हातचं बसता? तसंच ते.

आणि देवावर रुसणारी माझी आजी काही पहिली नव्हे! आपले संत विठोबाशी किती भांडले आहेत, ठाऊक आहे? नामदेव रुसले, जनाबाईने तर त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तुकाराम महाराजांचं घ्या. १६३० च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. त्यांचा व्यापार बुडाला, घरातली पत्नी गेली, मुलगा गेला. एवढा मोठा घाव! त्यांनी आपलं दुःख, आपला राग अभंगांतून देवाला रोखठोक ऐकवला. आणि त्याच काळात देहूतलं मोडकळीला आलेलं विठ्ठलमंदिर दुरुस्त करायला घेतलं. रुसवाही होता आणि दिवाही होता.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. काही वेळा आपल्या वाट्याला निराशा येते ती माणसांच्या अन्यायामुळे. मघाशी मी चोखोबांच्या समाधीचा उल्लेख केला. चोखोबा विठोबाचे एवढे मोठे भक्त, पण जातीमुळे त्यांना देवळात जाऊ दिलं नाही. ही देवाची इच्छा होती का? मुळीच नाही! ते माणसांचं काम होतं. त्यानंतर शतकं लोटली तरी ते दार काही लोकांना बंदच होतं. मग मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि मंदिर सगळ्यांना खुलं झालं. 'श्यामची आई' लिहिणारे गुरुजी देवाला मानत होते, म्हणूनच स्वस्थ बसले नाहीत. तेव्हा कुणी तुमच्यावर अन्याय करत असेल, तर "देवाची मर्जी" म्हणून गप्प बसू नका. मोठ्यांना सांगा. तो सहन करणं म्हणजे विश्वास नव्हे.

बरं, चिमीचं काय झालं ते विचारताय ना? सांगते.

दोन दिवसांनी चिमी शाळेत आली. शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. म्हटलं, "चिमे, त्या दिवशी तू बरोबर बोललीस. माझं वाक्य चुकलं." बाई चुकल्या हे ऐकून तिला जरा बरं वाटलेलं दिसलं. तुम्हालाही वाटलं असतं!

मग मी तिला एक गणित घातलं. "जागा ऐंशी. परीक्षेला बसलेली मुलं हजारो. प्रत्येकाने आपापल्या देवाला सांगून ठेवलेलं. तुझ्या शेजारच्या बाकावरचा आपला मित्र आहे ना, त्याची अम्मीही रोज नमाजानंतर दुआ मागत होती. आता देवाने काय करावं?"

चिमीने बराच विचार केला. "जागा वाढवायला पाहिजेत," ती म्हणाली.

"ते काम आपलं, मोठ्या माणसांचं," मी म्हटलं. आणि मनातल्या मनात ओशाळले. कारण तिचं म्हणणं खरंच होतं.

"पण मग बाई, रोज नमस्कार करून उपयोग काय झाला?"

"परीक्षेच्या आदल्या रात्री झोप लागली होती का तुला?"

"आधी लागत नव्हती. मग उठून नमस्कार केला, मग लागली."

"पेपरात अवघड आकृती आली तेव्हा?"

"घाबरले. मग गणपतीचं नाव घेतलं आणि पुढचा प्रश्न सोडवला."

"हा उपयोग," मी म्हटलं आणि तिला आजीच्या पदराची गोष्ट सांगितली. मग दिव्याचीही सांगितली. 'अंधारात ठेवू व्हय त्याला' हे ऐकल्यावर चिमी खुदकन हसली. आठवड्याभरात पहिल्यांदा हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "माझा दिवा कोणता, बाई?"

"तो तूच शोध."

आता आईबाबांसाठी थोडंसं. हे पान तुम्हीही वाचता, हे मला ठाऊक आहे. निकाल मनासारखा लागला नाही की मुलाला आधीच दोन दुःखं असतात. एक आपलं आणि दुसरं तुमचा चेहरा उतरल्याचं. त्यात "तुझी श्रद्धा कमी पडली", "देवाने शिक्षा केली" असं तिसरं घालू नका. मूल देवावर रागावलं तर घाबरू नका. जो राग बोलून दाखवता येतो, तो मनात सडत नाही. "चांगल्यासाठीच झालं" हेही लगेच म्हणू नका. आधी शेजारी बसा. चिमीच्या वडिलांनी काय केलं, सांगू? फडातून रात्री उशिरा आले, निकाल ऐकला, काही बोलले नाहीत. सकाळी लेकीला ट्रॅक्टरवर शेजारी बसवून गावाबाहेरच्या कॅनॉलपर्यंत चक्कर मारून आणली. मला वाटतं, आम्हा सगळ्यांच्या बोलण्यापेक्षा त्या चकरेनं जास्त काम केलं.

आणि माहिती म्हणून सांगते. सहावीची नवोदय परीक्षा एकदाच असली, तरी रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी आठवीत असताना नववीच्या प्रवेशाची परीक्षा देता येते. घरचं उत्पन्न कमी असलेल्या मुलांसाठी आठवीतच एन.एम.एम.एस. ही शिष्यवृत्ती परीक्षाही असते. उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. एक दार लागलं की आपण त्याच्यासमोरच बसून राहतो. बाकीची दारं कुठे आहेत, हे मुलांना दाखवणं आपलं काम आहे.

माझी आजी आता नाही. २०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा तिला चालवत नव्हतं. ती रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसली, शेजारी पाण्याची घागर ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वारकऱ्यांना तांब्या-तांब्याने पाणी देत राहिली. पंढरपूर राहिलं, कळसही राहिला. तिला वाईट वाटलं का? वाटलंच असणार. पण घागर काही रिकामी राहिली नाही. त्याच वर्षी थंडीत ती गेली.

परवा मी पुन्हा चिमीच्या घरी गेले होते. चिमी अजूनही पहाटे पाचला उठते म्हणे. "आता आधी गोष्टीचं पुस्तक वाचते, मग अभ्यास," तिने सांगितलं. "तेवढाच माझा दिवा." आईने चहा ठेवला. या वेळी तो चांगला झाला होता, हे नक्की आठवतं.

मी हळूच देवघराकडे पाहिलं. तसबिरीवरचं जाळं गेलं होतं, काच पुसलेली होती. पण गणपती काही सरळ बसलेला नव्हता. अर्धा भिंतीकडे, अर्धा आमच्याकडे, असा तिरपा ठेवला होता. आणि तसबिरीच्या आतल्या बाजूला, भिंतीला लागून, एक ताजं जास्वंदीचं फूल होतं.

"हे असं गं का?" मी विचारलं.

"अजून थोडा राग आहे, बाई," चिमी म्हणाली. "पण त्याला दिसावं म्हणून फूल त्याच्या तोंडाकडनं ठेवलंय."

मी तसबिरीला हात लावला नाही. ते चिमी आणि गणपती, दोघं मिळून बघून घेतील!

तर मुलांनो, या आठवड्याचा उद्योग. वहीचं एक पान घ्या. वरच्या अर्ध्या भागात अशी एक गोष्ट लिहा, जी तुम्ही मनापासून मागितली आणि मिळाली नाही. राग आला असेल तर तोही लिहा, अगदी मोकळेपणाने. खालच्या अर्ध्या भागात लिहा, 'तरीही मी काय चालू ठेवणार?' तुमच्या घरी देवाला कुठल्याही नावाने हाक मारत असतील, किंवा मारतही नसतील, हे पान सगळ्यांना लिहिता येईल. ते कुणाला दाखवायचं नाही, मलासुद्धा नाही. फक्त खालचा अर्धा भाग रिकामा ठेवू नका.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर अभ्यास करा, भरपूर खेळा, आणि रुसलात तरी जेवायला वेळेवर या!

तुमच्या,
बाई